सिंगापूरला जाताना डब्यातली खसखस आधी काढा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि मे महिन्याची सुटी जवळ आली की मराठी वृत्तपत्रांत सिंगापूरच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. चार रात्री, पाच दिवस, सेंटोसा बेट, प्राणिसंग्रहालय, रात्रीची रोषणाई आणि परतीचे विमान. काय पाहायचे ते या जाहिरातींत सगळे असते, पण पहिल्या दोन दिवसांत माणसे ज्या गोष्टींवर अडतात त्यांतली एकही नसते. सिंगापूर म्हणजे युरोपातलेच एखादे चकाचक शहर, अशा समजुतीने अनेक कुटुंबे येतात. प्रत्यक्षात ते विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवरचे दमट बेट आहे. तिथे चिनी, मलय, तमिळ आणि इतर अनेक समाज शेजारी शेजारी राहतात. सामानाचे नियम कडक, दुपार त्याहून कडक आणि जेवण गल्लीगणिक वेगळे. या तीन गोष्टींचा हिशेब घरूनच करून निघावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

सुरुवात फराळाच्या डब्यापासून करावी लागेल. खसखस सिंगापुरात नेता येत नाही. ती अफूच्याच झाडाची बी असते आणि तिच्यावर मॉर्फिनचे अंश राहू शकतात, म्हणून तिथल्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ती निषिद्ध मालात मोडते. व्यापाऱ्यांनाही ती आणायची तर आधी नमुना देऊन मॉर्फिन नसल्याची खात्री पटवावी लागते. आपल्याकडे मात्र ती कुठे कुठे जाते ते आठवून पाहा. अनारशावर ती उघड दिसते. डिंकाच्या लाडवात, करंजीच्या सारणात, पातळ पोह्यांच्या चिवड्यात ती मिसळून गेलेली असते आणि कांदा-लसूण मसाल्यात तर कुटूनच टाकलेली असते. मुलीकडे किंवा मुलाकडे निघालेल्या आईच्या बॅगेत हे पाचही पदार्थ एकाच वेळी असू शकतात. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर घटकांच्या यादीत ‘पॉपी सीड्स’ लिहिले असेल तर ते पाकीट घरीच ठेवा. घरगुती मसाला ज्यांनी कुटून दिला त्यांना विचारा. अनारसे न्यायचेच असतील तर तिळावर थापा. चकल्या, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू यांत खसखस नसते. डब्यातल्या एखाद्या पदार्थाबद्दल शंका राहिली तर तो आणूच नका. विमानात आठवण झाली तर उतरल्यावर कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने न जाता सामान जाहीर करायच्या लाल मार्गाने जा आणि अधिकाऱ्याला आधी स्वतःहून सांगा.

तंबाखूचेही तसेच. गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर अशी धूर न होणारी तंबाखू पूर्ण बंद आहे आणि आजीची मिश्री त्यातच येते. तिला हे आठवडाभर आधी सांगितले पाहिजे, विमानतळावर नव्हे. सिगारेटला करमाफी नाही. उघडलेल्या पाकिटातल्या चार सिगारेटीसुद्धा जाहीर करून त्यावर कर भरावा लागतो. ई-सिगारेट बाळगणे हाच गुन्हा आहे. च्युइंगगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. भारतातून मांसाचे पदार्थ आणू नयेत, त्यात सुकट-बोंबलाच्या शेजारी ठेवलेले मटणाचे लोणचेही आले.

औषधांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांतल्या काहींना तिथल्या आरोग्यशास्त्र प्राधिकरणाची (हेल्थ सायन्सेस अथॉरिटी) पूर्वपरवानगी लागते. गोळीचे दुकानातले नाव उपयोगाचे नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले मूळ घटकाचे नाव पाहून प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण येत नाही. पण त्या मूळ पट्टीतच ठेवा, आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत सुट्या भरू नका. इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, हे वेगळे सांगायला नको.

आता कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत मिळतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. एजंटाचे पैसे त्यावर वेगळे. पासपोर्ट निदान ६ महिने वैध हवा. फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि अलीकडच्या ३ महिन्यांतला असावा. अर्ज अडकतात ते बहुतेक फोटोमुळेच. गल्लीतल्या स्टुडिओत सवयीने निळी पार्श्वभूमी देतात किंवा पासपोर्टसाठी वर्षापूर्वी काढलेल्या फोटोचीच प्रत काढून देतात.

व्हिसा मिळाला म्हणजे झाले असे नाही. पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत प्रत्येकाने, तान्ह्या मुलाच्या नावानेही, ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचे असते. ते मोफत आहे. शोधयंत्रात नाव टाकले की अगदी सरकारी वाटणारी, पण पैसे मागणारी संकेतस्थळे वर येतात. पैसे मागितले की समजावे, आपण चुकीच्या दारात आहोत. नाव पासपोर्टवर आहे तसेच, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे नाव जिथे छापले असेल तिथेच भरा. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहण्याची परवानगी मिळाली ते ई-मेलवर येते. ही परवानगी आणि व्हिसाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा वर्षभर चालणारा असला तरी राहायचे मात्र ई-मेलमधल्या तारखेपर्यंतच. तो ई-मेल त्याच दिवशी उघडून वाचा आणि ज्येष्ठांच्या अर्जात चालू असलेलाच ई-मेल पत्ता द्या.

राहण्याच्या जागेबद्दल एक सूचना, कारण यात कुटुंबेच्या कुटुंबे फसतात. सिंगापुरात खासगी सदनिका ३ महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणे बेकायदा आहे. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांना तर किमान ६ महिन्यांची अट आहे. स्वयंपाकघर मिळेल आणि मुलांना वरण-भात करून घालता येईल, म्हणून चार दिवसांसाठी कुणाची सदनिका स्वस्तात मिळत असेल तर ती घेऊ नका. नोंदणीकृत हॉटेल किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंटच घ्या. मेट्रो स्थानकापासून पायी पाच-सात मिनिटांवरची जागा थोडी महाग पडली तरी परवडते, कारण तिथल्या उन्हात पंधरा मिनिटांची चाल दिवसातून चार वेळा झाली की ज्येष्ठ माणसे तिसऱ्या दिवशी हॉटेलातून उठत नाहीत.

हवामानाचे सांगायचे तर कोकणातला मे महिना बारमाही चालू आहे असे समजा. दुपारी तापमान ३१ ते ३३ अंश, रात्रीही २४-२५ च्या खाली फारसे नाही आणि हवेत कायम ओलावा. पारा नागपूरच्या मानाने काहीच नाही असे विदर्भातल्या लोकांना वाटते आणि तिथेच चूक होते. घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. तहान लागण्याआधी पाणी प्या. नळाचे पाणी थेट पिण्याजोगे आहे, बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. उलट मॉल, संग्रहालये आणि मेट्रोत वातानुकूलन इतके थंड असते की घामेजल्या अंगाने आत शिरले की मुलांना सर्दी होते. प्रत्येकाच्या पिशवीत एक पातळ ओढणी किंवा शर्ट हवाच. डासांपासून डेंग्यू तिथेही होतो, मलम लावत जा.

पाऊस वर्षभर पडतो. डिसेंबर-जानेवारीत तो जास्त असतो, कधी दोन-दोन दिवस लागून राहतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमक्या आपल्या सुट्यांत, दुपारी आभाळ भरून येते आणि कडकडाटासह तास-दीड तास झोडपून जाते. विजा असताना उघड्यावरचे पोहण्याचे तलाव रिकामे करतात, केबल कारही थांबू शकते. म्हणून उघड्यावरचे काहीही दुपारी दोन ते पाच या वेळेत ठेवूच नये. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शेजारच्या सुमात्रातल्या जंगल-जमिनीच्या आगींचा धूर काही वर्षी शहरावर येतो. दमेकऱ्यांनी निघण्याआधी हवेतल्या प्रदूषणाची पातळी पाहावी.

घड्याळ अडीच तास पुढे करायचे असते, पण सवय बदलायची ती वेगळीच. तिथे सूर्य वर्षभर सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. भारतातून रात्री निघालेली बरीच विमाने पहाटे उतरतात आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. या मधल्या वेळेत मुले खुर्च्यांवर पेंगत बसतात आणि पहिला दिवस वाया जातो. त्यापेक्षा सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, नाश्ता करा आणि थेट बोटॅनिक गार्डन गाठा. ते पहाटे ५ ते मध्यरात्रीपर्यंत उघडे असते, प्रवेश मोफत आहे. २०१५ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. तिकीट आहे ते फक्त आतल्या ऑर्किड उद्यानाला. सकाळी नऊपर्यंत तिथली सावली सुखाची असते. साडेदहा-अकराला संग्रहालयात किंवा काचघरांच्या बागेत शिरावे, दुपारी हॉटेलवर पडावे आणि साडेपाचनंतर पुन्हा निघावे. गार्डन्स बाय द बे इथल्या उंच कृत्रिम झाडांवरची रोषणाई संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ ला असते आणि ती फुकट पाहता येते. तिकीट लागते ते काचघरांना. सहल कंपनीचे वेळापत्रक हाती आले की एवढेच तपासा, दुपारी एक ते चार या वेळात तुम्हाला कुठे उभे केले आहे? मर्लायनसमोर, म्हणजे सिंहमुखी माशाच्या पुतळ्यासमोर, असेल तर बदलून मागा.

फिरण्यासाठी मेट्रो आणि बस पुरेशी आहे. साध्या अंतराला सव्वा ते अडीच डॉलर लागतात. वेगळे तिकीट काढावे लागत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवले की झाले. मात्र इथे तीन अडचणी हमखास येतात. एक, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपल्या नव्या कार्डांवर परदेशातला आणि कॉन्टॅक्टलेस वापर मुळात बंद असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी सुरू करावा लागतो, कारण तिथे भारतीय सिमवर ओटीपी आला नाही की खोळंबा होतो. दोन, एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याने कार्ड टेकवून आत जायचे आणि मग तेच बायकोच्या हाती द्यायचे, हे चालत नाही. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड टेकवले तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी होतात. तीन, परदेशी बँकेच्या कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट शुल्क पडते. पाच-सहा दिवस आणि चार माणसे असतील तर स्थानकावर प्रत्येकासाठी ईझी-लिंक कार्ड घेऊन त्यात पैसे भरणे सोपे. उंची ०.९ मीटरपेक्षा कमी असलेल्या मुलांना भाडे नाही.

बसला हात दाखवावा लागतो, थांब्यावर नुसते उभे राहिलात तर ती निघून जाते. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचे. उतरताना विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. ४५ मिनिटांच्या आत दुसरी बस किंवा मेट्रो पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो, त्यामुळे बदलायला घाबरू नका. मेट्रोत खाणे-पिणे बंद आहे, त्यात पाण्याचा घोटही आला. ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहा, उजवी बाजू घाईत असलेल्यांची. विमानतळाचे स्थानक टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. शहराकडे येताना बहुधा ताना मेरा इथे गाडी बदलावी लागते. रात्री अकरानंतर उतरणाऱ्यांनी टॅक्सीच धरावी आणि मध्यरात्री १२ ते सकाळी ६ मीटरवर ५० टक्के जादा आकार लागतो हे लक्षात ठेवावे. लहान मूल बरोबर असेल तर अ‍ॅपवरून मागवलेल्या खासगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बाल-आसन सक्तीचे आहे. नेहमीच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. गाडी येऊन उभी राहते आणि चालक मुलाला घ्यायला नकार देतो, तेव्हा त्याचा उद्धटपणा नसतो, दंड त्याला भरावा लागणार असतो.

आता खाणे, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो. सिंगापूरची खरी चव हॉकर सेंटरमध्ये आहे. एका छपराखाली चाळीस-पन्नास गाळे, मध्ये सामायिक टेबले. या संस्कृतीचा युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये वारसा यादीत समावेश केला. साधारण ४ ते ७ डॉलरमध्ये पोटभर होते. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट किंवा छत्री ठेवलेली दिसली तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, विसरलेली वस्तू म्हणून उचलू नका. जेवण झाल्यावर ट्रे आणि भांडी आपणच रॅकवर नेऊन ठेवायची. २०२१ पासून ते सक्तीचे आहे. हलाल भांड्यांचा रॅक वेगळा असतो. डुकराचे मांस खाल्लेली थाळी त्यात ठेवणे म्हणजे शेजारच्या मलय माणसाचे अन्न बाटवण्यासारखे आहे, म्हणून पाटी वाचूनच ठेवा. बऱ्याच गाळ्यांवर भारतीय कार्ड चालत नाही. २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा जवळ असू द्या.

शाकाहारींची खरी अडचण अशी की ‘व्हेजिटेबल’ म्हणजे तिथे भाजी घातलेला पदार्थ, मांस-मासळी न घातलेला नव्हे. पालेभाजी परतताना बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, घालतात. लाल सांबल चटणीतही बहुधा तोच असतो. लक्सा या नूडल्सच्या पदार्थाच्या रश्श्यात सुका जवळा, नूडल्सच्या पाण्यात लहान सुक्या मासळीचा अर्क, ‘चार क्वे तियाव’ नावाच्या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबी, हिरव्या भाजीवर ऑयस्टर, म्हणजे कालवांचा, सॉस. रोजाक नावाच्या फळ-भाज्यांच्या कोशिंबिरीवरही कोळंबीचाच काळा सॉस असतो. ‘कॅरट केक’ पाहून लोक गोड केक समजून मागवतात. तो मुळ्याच्या वड्या अंड्यात परतून केलेला तिखट-खारा पदार्थ असतो, त्यात गाजर नसते. टोस्टला लावलेला हिरवट काया जॅम नारळाचा असतो खरा, पण त्यात अंडी असतात. रोटी पराठ्याबरोबर रस्सा न विचारता मासळीचा किंवा मटणाचा देतात. मागतानाच ‘दाल करी’ म्हणा आणि मसाला-कांदा-अंडे घातलेले प्रकार सोडून साधा ‘प्लेन’ घ्या. ‘व्हेज हवे’ म्हणून भागत नाही. ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो ऑयस्टर सॉस, नो एग’ असे एकेक नाव घेऊन सांगा. गाळेवाल्या चिनी आजी-आजोबांना लांब वाक्यांपेक्षा हे चटकन कळते.

सुरक्षित मार्ग दोन. पहिला सर्वांना ठाऊक असलेला लिटल इंडियाचा. सेरंगून रस्त्यावरच्या इडली-डोशाच्या खानावळी. कोमल विलास तिथे १९४७ पासून आहे. दुसरा मार्ग फार थोडे मराठी पर्यटक वापरतात, तो म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी गाळे. जवळपास प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये असा एखादा गाळा असतो, पाटीवर पिवळ्या-हिरव्या रंगात ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेले. तिथले ‘चिकन’ आणि ‘मटण’ हे सोयाबीन, गव्हातले प्रथिन आणि अळंब्यांचे असते. दिसायला हुबेहूब असल्याने घाबरून ताट परत करू नका. बौद्ध परंपरेप्रमाणे अनेक गाळे कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे माळकऱ्यांची चांगली सोय होते. मात्र बटाटा-गाजर सर्रास असते, जैन मंडळींनी विचारून घ्यावे, आणि काही ठिकाणी अंडे वापरतात तेही विचारावे. बुगीसजवळच्या मिडल रोडवरचे फॉर्च्युन सेंटर ही या जेवणाची मोठी जागा. तिथून वॉटरलू स्ट्रीटवरचे कृष्णमंदिर पायी काही मिनिटांवर आहे.

चहा-कॉफीचे वेगळे गणित. नुसते ‘तेह’ (चहा) किंवा ‘कोपी’ (कॉफी) म्हटले की आटवलेले गोड दूध घालून येते, मधुमेहींना ते जड जाते. ‘ओ’ जोडले की दुधाशिवाय, ‘कोसोंग’ म्हटले की साखरेशिवाय. ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हणजे कोरी बिनसाखरेची कॉफी. गोडीच कमी हवी असेल तर ‘स्यू दाय’. आल्याच्या चहाला ‘तेह हालिया’ म्हणतात आणि आपल्याकडच्या माणसाला तो लगेच आवडतो.

या शहराच्या वस्त्या अशा वेगळ्या का, याचे उत्तर १८२२ च्या नगररचनेत आहे. ब्रिटिश वसाहतीचा संस्थापक रॅफल्स याच्या त्या आराखड्यात चिनी, मलय-अरब, भारतीय आणि युरोपीय अशा वेगळ्या वसाहती आखल्या होत्या. पण माणसे आराखड्याबाहेर मिसळली, आणि ते पायी चालत पाहण्यासारखे आहे. चायनाटाउनच्या साउथ ब्रिज रस्त्यावर तमिळ मुसलमानांची जामे मशीद, १८२७ मध्ये स्थापन झालेले मारिअम्मन मंदिर आणि पलीकडे बुद्धाच्या दाताच्या अवशेषाचे मंदिर एका रांगेत आहेत. तेलोक आयर स्ट्रीटवर नागोर दर्गा आणि थियान हॉक केंग हे चिनी मंदिर जवळजवळ आहेत. पूर्वी समुद्र या रस्त्याला लागून होता. जहाजातून सुखरूप उतरलेली माणसे नवस फेडायला इथेच येत. वॉटरलू स्ट्रीटवर तर क्वान यिम देवीच्या मंदिरातून निघालेले चिनी भाविक शेजारच्या कृष्णमंदिरासमोर उदबत्त्या लावतात. त्याच रस्त्यावर १८७८ मधले ज्यूंचे प्रार्थनास्थळ उभे आहे. सहलीच्या बसमधून यातले काही दिसत नाही. पडांग मैदानासमोरच्या एस्प्लनेड बागेत आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी याच मैदानावर सेनेची मानवंदना स्वीकारली. मूळ स्मारक १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिशांनी पाडले, १९९५ मध्ये तिथे फलक उभारला गेला. भारतीय पर्यटकांची बस रोज त्याच्या जवळून जाते, पण थांबत नाही. सहलप्रमुखाकडे पंधरा मिनिटे मागून घ्या.

या जागांना जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हिंदू मंदिरे दुपारी बाराच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी उघडतात, म्हणून सकाळीच जा. मशिदीत नमाजाच्या वेळी आणि शुक्रवारी दुपारी पर्यटकांना प्रवेश नसतो. कंपोंग ग्लाम या जुन्या मलय-अरब वस्तीतल्या सुलतान मशिदीत अंग झाकायला झगे मिळतात. पूजा करणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. लिटल इंडियात बहुतेक लोक तमिळ बोलतात. तिथे हिंदीत सुरुवात करून ‘तुम्हाला येत कशी नाही’ असे म्हणणे फार वाईट दिसते, इंग्रजीत बोला. रविवारी संध्याकाळी तो भाग सुटी असलेल्या कामगारांनी गजबजतो, ज्येष्ठांना घेऊन इतर दिवशी सकाळी जावे. चिनी नववर्षाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेक दुकाने आणि हॉकर गाळे बंद असतात, त्या तारखा विमानाचे तिकीट काढण्याआधी पाहा. रमजानमध्ये मात्र गेलांग सेराईची संध्याकाळची बाजारपेठ मुद्दाम पाहावी.

पैशांचे थोडक्यात. उपाहारगृहाच्या मेनूवर किमतीपुढे ‘प्लस प्लस’ असेल तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर लागतो. १०० डॉलरचे जेवण ११९ डॉलर ९० सेंटला पडते. वेगळी टीप द्यायची पद्धत नाही. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, आपला गोल पिनांचा बसत नाही, अ‍ॅडॅप्टर घरूनच न्या. प्रवास विमा घेतल्याशिवाय ज्येष्ठांना नेऊ नका, परदेशी रुग्णाला तिथल्या रुग्णालयात एक रात्रही फार महाग पडते. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ९९५, पोलिसांसाठी ९९९.

एका दुकानात एका दिवशी १०० डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी झाली तर पर्यटकाला कर परत मिळू शकतो, दुकान त्या योजनेत हवे आणि खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो. परतीच्या दिवशी लोक आधी सामान चेक-इन करतात आणि मग परताव्याचे यंत्र शोधतात. वस्तू बॅगेतून गेलेल्या असतात आणि अधिकाऱ्याने त्या पाहायला मागितल्या तर दाखवता येत नाहीत. मोठ्या बॅगेत जाणारी वस्तू असेल तर आधी बाहेरच्या यंत्रावर अर्ज करा, मग बॅग द्या. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

आपले,
सिंगापूरमधील काही मराठी रहिवासी